वन्यजीवस्नेही परसबाग

वन्यजीवस्नेही परसबाग : पक्षी, कीटक, बेडूक, सरडे इत्यादी प्राण्यांना अन्न, पाणी, आसरा आणि विणीसाठी जागा मिळावी म्हणून घरालगत मुख्यतः स्थानिक वनस्पतींची केलेली लागवड.

या कल्पनेचा उगम पुष्कळदा उद्यानविषयक लेखक विल्यम रॉबिन्सन यांच्या ‘द वाइल्ड गार्डन’ (१८७०) या ग्रंथात शोधला जातो. परंतु काटक परदेशी वनस्पती रानात आपोआप वाढल्यासारख्या रुजवाव्यात, हा रॉबिन्सन यांचा मुख्य आग्रह होता. उद्यानरचनाकार येन्स येन्सन यांनी १८८८ च्या सुमारास शिकागोच्या युनियन पार्कमध्ये तेथील रानफुले लावली. आजच्या परसबागेशी या प्रयोगाचे नाते अधिक जवळचे दिसते. अमेरिकेतील नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने १९७३ मध्ये प्राण्यांसाठी राखलेल्या घरगुती बागांना प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली.

स्थानिक वनस्पती कोणत्या, याविषयी एकमत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हेन्स्लो (१८३५) व ह्युएट वॉटसन (१८४७) यांनी ब्रिटिश वनस्पतींची मूळच्या आणि बाहेरून आलेल्या अशी विभागणी केली. पुढे यूरोपात बाहेरून आलेल्या वनस्पतींचेही सुमारे इ. स. १५०० पूर्वीच्या व नंतरच्या असे दोन वर्ग झाले. उत्तर अमेरिकेत यूरोपीयांचे आगमन ही सीमारेषा धरतात. बागेच्या दृष्टीने मात्र सालापेक्षा, त्या प्रदेशातील कीटक ती वनस्पती खाऊ शकतात का, ही कसोटी अधिक उपयोगाची आहे.

या कसोटीचे कारण अळ्यांच्या आहारात आहे. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांतील मध घेते. त्याची अळी मात्र बहुधा ठरावीक कुळातील पानांवरच जगते. वनस्पतींची विषारी रसायने आणि ती पचवण्याची कीटकांची क्षमता एकमेकींच्या प्रभावाने विकसित होत गेली, असे एर्लिक व रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये मांडले. रुईच्या कुळातील चीक बहुतेक प्राण्यांना घातक असतो, पण मोनार्क या उत्तर अमेरिकेतील स्थलांतर करणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या त्याच कुळावर पोसतात. कुळ जुळले तरी प्रश्न संपत नाही. हळदीकुंकू ही याच कुळातील, उष्ण प्रदेशातील वनस्पती अमेरिकेच्या दक्षिण भागात हिवाळ्यातही हिरवी राहते. त्यामुळे काही मोनार्क स्थलांतर थांबवतात व त्यांच्यात परजीवींचा प्रादुर्भाव वाढतो.

पक्ष्यांची वीणही अळ्यांशी बांधलेली आहे, कारण दाणे खाणारे अनेक पक्षीसुद्धा पिलांना कीटक भरवतात. वॉशिंग्टन परिसरातील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्थानिक वनस्पतींचा जैवभार (एकूण वनस्पतींच्या वजनातील वाटा) ७० टक्क्यांहून कमी असलेल्या बागांत कॅरोलिना चिकडी या लहान पक्ष्याची संख्या टिकत नसल्याचे आढळले. याउलट जीवशास्त्रज्ञ जेनिफर ओवेन यांनी इंग्लंडमधील लेस्टर येथील आपल्या बागेत ३० वर्षांत २,६७३ जाती नोंदवल्या, आणि त्या बागेत परदेशी झाडे पुष्कळ होती. ही दोन निरीक्षणे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही : जातींची यादी लांब असणे वेगळे आणि एखाद्या जातीची पिले जगून तिची संख्या टिकणे वेगळे. परसबागेचे यश यांपैकी दुसऱ्या, म्हणजे संख्या टिकण्याच्या मापाने मोजणे अधिक योग्य.

पालापाचोळा झाडून न टाकणे, एकांड्या (पोळे न करता एकट्या राहणाऱ्या) मधमाश्यांच्या बिळांसाठी थोडी उघडी माती राखणे, उथळ पाणी ठेवणे व कीटकनाशके टाळणे ही पूरक कामे होत. दुहेरी पाकळ्यांच्या अनेक वाणांत पुंकेसरांचेच पाकळ्यांत रूपांतर झालेले असल्याने कीटकांना परागकण कमी मिळतात. वरील मोजमापे समशीतोष्ण प्रदेशांतील असून उष्ण कटिबंधाला ७० टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.