जुन्या लॅपटॉपमधली सिक्युरिटी चिप वाचतात तरी कशी?

जुना लॅपटॉप सुपरवायझर पासवर्ड (विंडोज सुरू होण्याआधीच विचारला जाणारा) मागायला लागला की लोक पहिलं काम करतात ते म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून ठेवणं. पण आयबीएमच्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये याने काहीच होत नाही, कारण पासवर्ड सेलवर चालणाऱ्या मेमरीत नसतोच, तो ईईप्रॉम नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असतो. तिथे बिट साठतो तो सगळीकडून इन्सुलेटरने वेढलेल्या ट्रान्झिस्टरच्या गेटमध्ये अडकवलेल्या इलेक्ट्रॉन्सवर, आणि पॉवर बंद असली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात.

यातली गाजलेली चिप म्हणजे ॲटमेलची २४आरएफ०८, साठवण जेमतेम १ किलोबाइट. तिच्याशी बोलायला आय-टू-सी ही फिलिप्सने १९८०च्या दशकात काढलेली बस, म्हणजे चिप्सनी आपसात बोलायची वाट, वापरतात, सिग्नलच्या तारा दोनच, एकीवर क्लॉक आणि दुसरीवर डेटा. त्यामुळे रीडरही अगदी साधा, पूर्वी लोक सिरियल पोर्टला थोडे रेझिस्टर आणि डायोड जोडून घरीच बनवायचे, आता यूएसबी प्रोग्रामर आणि चिपच्या पायांना पकडणारी क्लिप मिळते. खरी कटकट वेगळीच आहे. चिप बोर्डवर असतानाच वाचायला गेलात तर प्रोग्रामरची वीज शेजारच्या सर्किटमध्येही घुसते, त्याच तारांवर दुसरं कोणी बोलत असेल तर डेटा चुकीचा येतो, आणि ३.३ व्होल्टच्या लाईनवर ५ व्होल्ट गेले तर बोर्डच जाऊ शकतो. म्हणून व्होल्टेज आधी बघायचं, आणि दोनदा वाचून दोन्ही फाइल्स जुळतात का ते तपासायचं.

फाइलमध्ये पासवर्ड सरळ दिसत नाही, कारण जुन्या मॉडेल्समध्ये तो कीबोर्डच्या स्कॅन कोडमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे अक्षर नाही तर कुठलं बटण दाबलं त्याचा नंबर. हे एन्क्रिप्शन नाही, तक्ता समोर ठेवला की वाचता येतं. माझ्या मते इथे खरी सुरक्षा एवढीच होती की झाकण कोणी उघडणार नाही.

नंतर आलेली टीपीएम, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी चिप, खूपच कडक, ती अशी सहज वाचता येत नाही. पण बोर्डवर ती वेगळी बसवलेली असेल आणि बिटलॉकरला (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) पिन नसेल, तर बूट होताना डिस्क उघडणारी की (किल्ली) तारेवरून प्रोसेसरकडे उघडीच जाते. २०२४ मध्ये एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरून एका जुन्या लॅपटॉपवर ती ४३ सेकंदांत पकडून दाखवली! चिप फुटलीच नाही, फक्त तिचं बोलणं ऐकलं गेलं. प्रोसेसरच्या आतच टीपीएम असेल तर ऐकायला अशी बाहेरची तारच नसते, पण चिप वेगळी असलेल्या जुन्या लॅपटॉपवर बिटलॉकर वापरत असाल तर पिन आजच चालू करा, कारण मग पिन टाकल्याशिवाय टीपीएम ती की बाहेर सोडतच नाही.