ट्रेमोलो गिटारचे सूर उतरणे व त्यावरील उपाय

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला, म्हणजे अंगावर तारा जिथे टेकतात त्या भागाला, दांडी लावून सगळ्या तारांचा ताण एकदम कमी-जास्त करणारी यंत्रणा म्हणजे ट्रेमोलो. दांडी सोडल्यावर तारा मूळ सुरावर परत न येणे हा अशा गिटारचा नेहमीचा दोष. ग्रामीण विदर्भात गिटार वाजते ती लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, १४ एप्रिलच्या आसपासच्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत, गणपती-नवरात्राच्या मंडपांत, आणि पूर्वेकडे झाडीपट्टीच्या काही नाटकांत कीबोर्ड-ऑक्टोपॅडच्या शेजारी. गिटार दुरुस्त करणारा कारागीर गावात नसतो, नागपूर किंवा अमरावती गाठावी लागते. म्हणून हा दोष घरच्या घरी ओळखता येणे इथल्या वादकाला फार गरजेचे आहे. बहुतेक वेळा तो घरीच दूरही होतो.

आज बाजारात मिळणाऱ्या बहुतांश स्वस्त गिटारींवरचा ट्रेमोलो हा लिओ फेंडर यांच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरील रचनेचा वारस आहे. ब्रिजची पट्टी पुढच्या कडेला स्क्रूंवर टेकलेली असते. मूळ रचनेत असे सहा स्क्रू होते, पुढे दोन खांबांची पद्धतही आली. पट्टीखाली धातूचा ठोकळा गिटारच्या पोटात उतरतो आणि मागच्या बाजूने त्याला तीन ते पाच स्प्रिंगा ओढून धरतात. एका पारड्यात तारांचा ताण, दुसऱ्यात स्प्रिंगांचा, अशी ही तराजू आहे. त्यामुळे एक तार चढवली की बाकीच्या पाच किंचित उतरतात. नवशिका इथेच गोंधळतो. ब्रिज तरंगता असेल, म्हणजे लाकडाला न टेकता अधांतरी तोललेला असेल, तर सहाही तारा पुन्हा पुन्हा, तीन-चार फेऱ्यांत लावाव्या लागतात. त्यात बिघाड काही नाही.

सूर टिकत नसला की संशय पहिल्यांदा चाव्यांवर, म्हणजे तारा आवळायच्या खुंट्यांवर, जातो आणि लोक नव्या चाव्यांवर पैसे घालतात. चाव्या क्वचितच दोषी असतात. खरा दोष घर्षणाचा असतो: तार किंवा ब्रिज कुठेतरी अडकतो आणि जिथून हलला तिथे परत येत नाही. तो कुठे अडकतो हे कानाने कळते. आधी गिटार नीट लावावी, दांडी पूर्ण दाबून सोडावी आणि ट्यूनर (सूर दाखवणारे यंत्र) पाहावा. सगळ्या तारा एकाच दिशेने सरकल्या असतील तर अडचण ब्रिजच्या टेकूत किंवा स्प्रिंगांत आहे. एखाद-दुसरीच बिघडली असेल, आणि ती बहुधा तिसरी म्हणजे ‘जी’ (G) सुराची तार असते, तर नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचा असलेली पट्टी, पाहावा.

नटची खूण आणखी स्पष्ट आहे. दांडी दाबली की तार सैल होते आणि चावीकडचा ताण तिला नटमधून थोडी मागे ओढून घेतो. दांडी सोडल्यावर तेवढी तार पुढे यायला हवी. ती खाचेत अडकली तर सूर चढा राहतो. बोटाने तार ओढून वाजवली, म्हणजे बेंड केले, की उलट घडते: तार पुढे सरकते, मागे जात नाही, आणि सूर उतरलेला राहतो. चावी हळू फिरवताना ट्यूनरचा काटा जागचा हलत नाही आणि मग नटपाशी ‘टिंग’ असा बारीक आवाज येऊन तो एकदम उडी मारतो. हा आवाज ऐकला की आणखी पुरावा लागत नाही.

उपाय साधा आहे. तार खाचेतून बाजूला काढावी, खाच कोरड्या ब्रशने साफ करावी आणि २बी किंवा त्याहून मऊ पेन्सिलचे शिसे तिच्यात घासून भरावे. खोबरेल किंवा खायचे तेल मुळीच घालू नये; त्यावर धूळ बसते आणि थोड्याच दिवसांत चिकट गाळ होतो. जाड तारांचा संच बसवल्यामुळे खाच अरुंद पडत असेल तर त्या तारेहून किंचित बारीक अशा जुन्या तारेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या भिंती हलक्या हाताने घासाव्यात. तळ घासू नये. तळ खोल गेला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीवर, झणझणते आणि नट बदलण्यावाचून इलाज उरत नाही. गिटारच्या डोक्यावर बारीक तारांना दाबून धरणारी जी छोटी क्लिप असते, तिच्याखालीही पेन्सिल फिरवावी.

तारांबद्दल थोडक्यात: नवी तार बसवल्यावर हाताने हलके ताणून, पुन्हा लावून, ती उतरायची थांबेपर्यंत हे करावे. चावीवर दोन-तीन वेढे पुरतात. सूर लावताना आधी खाली उतरून मग वर चढत यावे, म्हणजे चावीच्या दात्यांत ढिलाई राहत नाही.

टेकूच्या बाबतीत सहा स्क्रूंच्या ब्रिजवर एक चूक सर्रास दिसते. सहाही स्क्रू घट्ट आवळलेले असतात आणि पट्टी मोकळी झुलतच नाही. कडेच्या दोन स्क्रूंवर भार ठेवून मधले चार किंचित वर घ्यावेत. दोन खांबांच्या ब्रिजवर पट्टीची धार बोथट झाली आहे का ते पाहावे आणि तिथे ग्रीसचा अगदी बारीक ठिपका लावावा. ब्रिज पुढे झुकून उभा राहिला असेल तर मागचे झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू सारखे आवळावेत. तरंगत्या ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधारण ३ मिलिमीटर फट ठेवतात.

विदर्भाचा उन्हाळा या सगळ्यावर आपला परिणाम करतोच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पोलादी तारा तापून प्रसरण पावतात आणि सूर उतरतो. संध्याकाळी मंचावरच्या दिव्यांखालीही तेच होते. म्हणून गिटार कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पेटीतून काढून मंचावरच ठेवावी आणि तिथेच लावावी. घरात कूलरच्या झोतासमोर ती कधीही ठेवू नये. ओलसर हवेने तारा गंजतात, गंजलेली तार नटमध्ये आणखी अडते, आणि दुपारची कोरडी हवा व कूलरची ओल यांच्यामध्ये लाकडी मानेचा बाक बदलत राहतो. पावसाळ्याच्या तोंडाशी तो एकदा तपासावा. धुमाल, म्हणजे मोठ्या आवाजाचे ढोलवादन, शेजारी वाजत असेल तर मोबाइलवरचा ट्यूनर निरुपयोगी ठरतो. गिटारच्या डोक्याला चिमटणारा ट्यूनर लाकडाची थरथर घेतो, त्यामुळे तो गोंगाटातही सूर बरोबर दाखवतो.

तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली की स्प्रिंगांची ओढ वरचढ होते आणि उरलेल्या पाचही चढतात. गाणे तिथेच थांबते. रात्रभराच्या कार्यक्रमात, हाताशी दुसरी गिटार नसताना, हा धोका पत्करू नये. ब्रिज गिटारच्या अंगाला टेकवून वाजवणे हेच इथल्या वादकासाठी योग्य. त्यासाठी चौथी-पाचवी स्प्रिंग लावून पट्टी लाकडावर घट्ट बसेपर्यंत मागचे स्क्रू आवळतात. सूर वर नेता येत नाही, पण दांडी दाबून खाली नेता येतो आणि तार तुटली तरी बाकीच्या जवळपास जागेवर राहतात. दांडी वापरायचीच नसेल तर गावच्या सुताराकडून सागाचा बेताचा तुकडा कापून घ्यावा आणि पोटातल्या ठोकळ्याच्या शेपटीकडच्या बाजूला तो गच्च बसवावा. ब्रिज पूर्ण स्थिर होतो, आणि तुकडा काढला की दांडी पुन्हा चालते.

नट आणि ब्रिज दोन्हीकडे तारा कुलूपबंद करणारी फ्लॉइड रोझ यांची पद्धत (पेटंट १९७९) नटमधल्या घर्षणाचा प्रश्न मुळातच काढून टाकते. पण तिच्यात तार बदलायला ॲलन की (षटकोनी स्क्रूच्या किल्ल्या) लागतात, वेळ लागतो, आणि ब्रिज तरंगता असेल तर तार तुटल्यावरचा धोका तसाच राहतो. अशी गिटार नेणाऱ्याने ॲलन की पेटीत नव्हे, खिशात ठेवावी.