पुरुषाच्या श्रोणीतील नीला

पुरुषाच्या ओटीपोटातून (श्रोणीतून) व जननेंद्रियांतून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांचे, म्हणजे नीलांचे, जाळे. मूत्रपिंड, यकृत आणि पाठीचा कणा अशा निरनिराळ्या दिशांना त्याच्या वाटा फुटतात; या भागातले बरेच आजार त्या वाटा ठाऊक असल्या तरच उलगडतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न महाविद्यालयांत हा भाग एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी येतो. विच्छेदनाच्या टेबलावर मात्र रोहिण्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या) मोकळ्या करताना बहुधा या नीलाच आधी कापल्या जातात. विद्यार्थ्याला त्या पाठ असतात, पण पाहिलेल्या नसतात.

वृषणामागून ८ ते १२ बारीक नीला द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारख्या रोहिणीला वेढत वर चढतात. रोहिणीतले रक्त त्यांच्यामुळे वाटेतच थोडे निवते. पुढे त्यांची एकच नीला होते. उजवी अधोमहानीलेला (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या नीलेला) तिरकी मिळते. डावी आणखी वर जाऊन डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला काटकोनात मिळते. रक्त उलटे येऊ न देणाऱ्या आतल्या झडपा निकामी झाल्या की या लांब, उभ्या नीलेतले रक्त खाली साचते. हाच व्हेरिकोसील, साधारण १५ टक्के पुरुषांत आढळतो आणि बहुतेकदा डावीकडेच. लासलगाव-पिंपळगावला कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या हमालाला संध्याकाळी वृषणात ओढ लागते, आडवे झाले की थांबते, ती याची खूण असू शकते. रुग्णाला उभे करून, श्वास रोखून कुंथायला लावून तपासावे. झोपवले की नीला रिकामी होते आणि निदान हुकते. डॉप्लरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) सुमारे ३ मिमी.हून रुंद नीला आणि कुंथताना उलटा प्रवाह दिसतो. फुगवटा झोपूनही ओसरत नसेल किंवा फक्त उजवीकडे असेल, तर मूत्रपिंडात वा पोटात गाठ नाही ना, हे सोनोग्राफीने पाहावेच.

गुदाशयाच्या वरच्या भागातले रक्त यकृताकडे जाते, खालच्या भागातले श्रोणीतल्या नीलांकडे.

शिश्नाची खोल पृष्ठनीला जघनास्थींच्या (ओटीपोटाच्या पुढच्या हाडांच्या) सांध्याखालून आत शिरते आणि प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) पुढे व बाजूंना पसरलेल्या जाळ्यात मिळते. या नीलांच्या भिंती पातळ असतात. प्रोस्टेट काढताना हे जाळे नीट बांधले नाही, तर शस्त्रक्रियेची जागा क्षणात रक्ताने भरते. त्याच्या काही फांद्या मणक्यांभोवतीच्या बिनझडपांच्या नीलांना जोडलेल्या असतात; अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये ही वाट दाखवली. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त तिकडे वळते आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशीही त्या वाटेने कमरेच्या मणक्यांत पोचू शकतात. म्हाताऱ्या माणसाची कंबर रात्रीही दुखत असेल आणि लघवीची धार बारीक झाली असेल, तर नुसता कमरेचा एक्स-रे पुरत नाही. प्रोस्टेट बोटाने तपासून पीएसए (प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाची रक्तचाचणी) करावे लागते.