मॅक्सिमम बोली टाकली की तेवढेच पैसे जातात?

आपल्या नागपुरातल्या जुन्या नाण्यांच्या ग्रुपवर हा मेसेज कधीचा फिरून राहिला, की ऑनलाइन लिलावात मॅक्सिमम बोली टाकू नका, सगळे पैसे जातात. तसं नाही भाऊ. ऑटोमॅटिक बोलीवाल्या साइटवर, म्हणजे जिथे साइटच तुमच्या आकड्यापर्यंत गरजेपुरती बोली वाढवते, तुम्ही ५००० टाकले, समोरच्याची मर्यादा १२०० अन् बोली वाढायचा टप्पा ५० चा, तर नाणं १२५० ला पडते, शिपिंग वेगळं. हां, समोरचाही ४९०० वर अडून असेल तर ४९५० मोजावेच लागतात, म्हणून चुकून शून्य जास्त पडलं तर लगेच बोली मागे घ्यायचा नियम पाहा, तो साइटगणिक बदलते. साधी थेट बोली असेल तिथे मात्र टाकला तोच आकडा. पटत नसेल तर संपलेल्या एखाद्या लिलावाची बिड हिस्टरी उघडा, जिंकलेला आकडा बहुतेक वेळा दुसऱ्या नंबरपेक्षा एकच टप्पा वर दिसते.