दिव्यांग व्यक्तीची एचआयव्ही तपासणी आणि एआरटी (एचआयव्हीचे औषधोपचार): कुठे जायचं, कागद काय लागतात

दिव्यांगांना एचआयव्ही तपासणीसाठी वेगळा अर्ज असतो का, असं बरेच जण विचारतात. नसतो. सिव्हिलमधल्या किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) सरळ जायचं, तपासणी मोफत आहे, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसलं तरी अडत नाही. जवळचं सेंटर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर विचारा (कर्णबधिरांनी त्या फोनचं काय करायचं हा प्रश्न आहेच).

खरी अडचण आत गेल्यावर. "यांना कशाला तपासणी?" हा सूर अजून ऐकू येतो, जणू दिव्यांगांना लैंगिक आयुष्यच नसतं, म्हणूनच कंडोमबद्दल यांच्याशी कोणी बोलत नाही आणि गतिमंद मुलीवर अत्याचार झाला तरी घरच्यांना उशिरा कळतं. असं काही घडलं तर एफआयआरची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा, पेपच्या (एचआयव्हीची लागण टाळायच्या) गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे 28 दिवस घ्यायच्या.

संमतीचं नीट लक्षात ठेवा. 2017 चा एचआयव्ही कायदा सांगतो की माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीने द्यायची. प्रत्यक्षात काउन्सेलर बोलतो सोबत आलेल्या भावाशी, आणि जिची तपासणी ती कर्णबधिर बाई खुर्चीत बसून दोघांचे ओठ बघते. अशा वेळी स्पष्ट सांगा, माझ्याशी बोला, कागदावर लिहा. सांकेतिक भाषेचा दुभाषा आपल्याच कर्णबधिर मंडळातला नको, कर्णबधिरांचं जग छोटं असतं, बातमी फिरायला वेळ लागत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की एआरटी सेंटरला नोंदणी, सोबत आयसीटीसीचा रिपोर्ट, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो. सीडीफोर (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) कितीही असो, औषध सुरू होतं आणि तेही मोफत. व्हीलचेअरवरून दर महिन्याला जिल्ह्याला जाणं म्हणजे हाल, त्यामुळे तब्येत स्थिर झाली की जवळचं लिंक एआरटी सेंटर (मुख्य सेंटरला जोडलेलं छोटं औषध केंद्र) आणि एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या. रांगेत प्राधान्य हा 2016 च्या दिव्यांग कायद्यातला हक्क आहे, मेहेरबानी नाही.

आता पैशाचं. नुसत्या एचआयव्हीवर यूडीआयडी मिळत नाही, 21 प्रकारांत तो नाहीच, पण त्यातून दृष्टी गेली किंवा लकवा झाला तर त्या प्रकारात अर्ज करता येतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगही बसतात आणि एचआयव्हीबाधितही. दोन्ही असाल तर माझं मत, अर्ज दिव्यांग म्हणूनच करा, म्हणजे तलाठ्यापासून गावापर्यंत आजार कळायचं कारण उरत नाही, शिवाय उत्पन्नाची मर्यादाही 21,000 ऐवजी वर्षाला 50,000. अपंगत्व किमान 40 टक्के पाहिजे. दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, 15 वर्षांचा रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड आणि आधार जोडलेलं पासबुक घेऊन सेतूत किंवा तहसीलला द्यायचं, आणि पोचपावती घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.