तांब्याचा तळ: मॉडेल जहाजावरच्या पत्र्यांमागचा इतिहास

स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे रंगीत काचा जोडण्याच्या, कामासाठी मागे गोंद लावलेली तांब्याची पट्टी मिळते. तिची एक नेहमीची रुंदी आहे सात बत्तीसांश इंच, म्हणजे ५.५६ मिलिमीटर. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळावर ठोकत तो तांब्याचा पत्रा ४८ इंच लांब आणि १४ इंच रुंद असे. १४ ला ६४ ने भागले की बरोबर सात बत्तीसांश येतात. म्हणून १:६४ प्रमाणात काम करणाऱ्याला ही पट्टी रुंदीत कापावीच लागत नाही, फक्त १९ मिलिमीटर लांबीचे तुकडे पाडायचे. १:७२ ला पत्रा साधारण १७ बाय ५ मिलिमीटर होतो, १:४८ ला २५.४ बाय ७.४. तुकडे कापायला बसण्याआधी हा आकार कुठून आला, पत्रे कोणत्या दिशेने एकावर एक चढवत आणि खिळे कसे दिसत, हे माहीत असले पाहिजे. मॉडेलवर होणाऱ्या बहुतेक चुका हा इतिहास न पाहिल्यामुळे होतात.

लाकडी तळाचे शत्रू दोन. पहिला टेरेडो, लाकूड पोखरणारा समुद्री किडा. तो खरे तर शिंपल्यांच्या कुळातला, पण अंग लांबलचक अळीसारखे. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते आणि आत फळी चाळणीसारखी झालेली असते. दुसरा शत्रू शेवाळ आणि बार्नॅकल, म्हणजे तळाला घट्ट चिकटणारे कवचाचे जीव. त्याने फळी मरत नाही, पण जहाज जड होते आणि वेग जातो. तांब्याआधी युरोपात तळावर डांबर, गंधक, चरबी यांचे लेप देत, वरून केस आणि डांबर भरून पातळ फळ्यांचे दुसरे अस्तर ठोकत. शिशाचे पत्रेही लावून पाहिले, पण शिशाजवळचे लोखंड झिजू लागले. आपल्या किनाऱ्यावर चुना आणि तेल मळून केलेला चुनामचा लेप चाले आणि पावसाळ्यात होड्या ओढून काठावर घेत. शिवकाळातले किंवा कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातले गलबत करत असाल तर तांब्याचा पत्रा लावू नका. कान्होजी १७२९ मध्ये गेले आणि तांब्याचा पहिला नौदली प्रयोग त्यानंतर ३२ वर्षांनी झाला.

तो प्रयोग झाला १७६१ मध्ये, ‘अलार्म’ नावाच्या ३२ तोफांच्या फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेवर. तळ मढवून तिला वेस्ट इंडीजच्या उबदार, किडेभरल्या पाण्यात पाठवले. परत आल्यावर पाहिले तर किडा नाही, शेवाळ जवळजवळ नाही. पण पत्र्याखालचे लोखंडी खिळे आणि बोल्ट खाऊन गेलेले. तांबे, लोखंड आणि खारे पाणी एकत्र आले की विजेच्या घटासारखे काम सुरू होते आणि त्यात लोखंडाचा बळी जातो. एक गोष्ट मात्र तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी चुकून तसाच राहिला होता आणि तिथले लोखंड शाबूत होते. पत्र्याखाली जाड कागद घालण्याची पद्धत इथून पक्की झाली.

संपूर्ण ताफा मढवण्याचा निर्णय १७७९ मध्ये झाला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स आणि स्पेन विरोधात उतरले होते, जहाजे कमी पडत होती आणि डागडुजीसाठी गोदीत येणारे प्रत्येक जहाज ताफ्यातून कमी होत होते. नौदलाच्या बोर्डाचे प्रमुख चार्ल्स मिडलटन यांनी तांब्याचा आग्रह धरला. ग्रीनविचच्या नॅशनल मेरीटाइम म्युझियममध्ये ७४ तोफांच्या ‘बेलोना’चे एक मॉडेल आहे. त्याचा तळ बारीक तांब्याच्या पत्र्यांनी मढवला आहे. राजा तिसरा जॉर्ज याला ही कल्पना पटवण्यासाठी मिडलटन यांनी हेच मॉडेल वापरले, असे मानले जाते. आज टेबलावर बसून पत्रे चिकटवणाऱ्याचे काम त्या मॉडेलशी थेट नाते सांगते.

ब्रिटिश युद्धनौका ‘व्हिक्टरी’चा तळ १७८० मध्ये मढवला गेला. पत्रे लागले ३,९२३, वजन सुमारे १७ टन. हिशेब करून पाहा: एक पत्रा ४.६७ चौरस फुटांचा, जाड पत्र्याचे वजन चौरस फुटाला ३२ औंस, म्हणजे एका पत्र्याचे सव्वाचार किलो. एका माणसाला सहज उचलता येईल एवढा. लोखंडी बोल्टांचा प्रश्न मात्र राहिलाच होता. तो सुटला १७८० च्या दशकात, तांब्याचे बोल्ट थंड अवस्थेतच दाबून-ओढून इतके कडक करता आले की जाड लाकडात ठोकताना वाकणार नाहीत. ठोकल्याने तांबे कडक होते आणि तापवले की मऊ पडते, हे पुण्याच्या तांबट आळीतल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

मुंबईचा धागाही यात आहे. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्रिटिश फ्रिगेट ‘जावा’चा पराभव केला. जावा दुरुस्तीपलीकडे गेली होती, म्हणून तिला आग लावून नष्ट केले. तिच्या पोटात मुंबई गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी नेले जाणारे तांबे होते. तिथेच बांधायच्या ‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटचे आराखडेही तिच्याबरोबरच बुडाले. ते पुन्हा पाठवावे लागले आणि जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याच्या हाताखाली ती सागवानी फ्रिगेट १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. जिने जावा संपवली त्या कॉन्स्टिट्यूशनचा तळ १८०३ मध्ये बोस्टनचे धातुकारागीर पॉल रिव्हिअर यांच्या गिरणीत लाटलेल्या अमेरिकन तांब्याने मढवला होता. ती बांधताना मात्र तांबे इंग्लंडहूनच आणावे लागले होते.

पुढे १८३२ मध्ये मंट्झ धातू आला, ६० टक्के तांबे आणि ४० टक्के जस्त. तो स्वस्त होता आणि रंगाने पिवळसर. ‘कटी सार्क’सारखी उशिराची जहाजे करताना लाल तांबे लावणे चूक आहे, तिथे पितळेच्या छटेची पट्टी हवी.

आता मॉडेलकडे. किटमध्ये बहुधा ०.१ मिलिमीटर जाडीचे, खिळ्यांचे फुगवटे उठवलेले पत्रे येतात. खरा पत्रा सुमारे १.१ मिलिमीटर जाड होता. १:६४ ला किटचा पत्रा खऱ्या मापात ६.४ मिलिमीटर भरतो. फुगवटे तर त्याहून वाईट. खरे खिळे मिश्रधातूचे, सपाट डोक्याचे असत आणि ठोकून पत्र्याच्या सपाटीला आणलेले असत. दहा मिलिमीटरचे डोके १:६४ ला ०.१६ मिलिमीटर होते. दिसलाच तर किंचित खळगा दिसावा, पुळी नव्हे. म्हणून ०.०३५ मिलिमीटरची पट्टीच बरी. खळग्यांच्या रांगा हव्याच असतील तर मागच्या बाजूने नव्हे, पुढून हलक्या हाताने दाबाव्यात: कडेने दाट, मध्ये विरळ.

पातळ पट्टी खालचे सगळे दाखवते. फळ्यांची फट, पॉलिश पेपरचा ओरखडा, लाकडाची रेष, काही लपत नाही. तळाच्या फटी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून, २४० आणि मग ४०० नंबरने घासून, सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या लेपाचे) दोन हात देऊन पुन्हा घासला तरच चालेल. सीलर नसला की गोंद धुळकट लाकडाला धरतो आणि महिन्याभरात कडा उचलतात. फळ्या बसवताना मारलेल्या लोखंडी टाचण्या काढून टाका. दमट हवेत पट्टीखाली त्या गंजतात आणि तपकिरी डाग वर येतो. अलार्मवर जे झाले तेच, लहान प्रमाणात.

पत्रे लावायची सुरुवात पिछाडीकडून आणि पठाणाशेजारून (पठाण म्हणजे तळाच्या मधोमध जाणारा लाकडी कणा). नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, सरकत जायचे, म्हणजे पुढच्या पत्र्याची मागची कड मागच्या पत्र्यावर चढते आणि पाण्याचा प्रवाह कडेखाली शिरत नाही. चढ १:६४ ला अर्ध्या मिलिमीटरच्या आतच ठेवावा. पठाणाची खालची बाजूही मढवत आणि मग त्याखाली खोटा पठाण ठोकत. खडकावर आपटून तो निघून गेला तरी तांबे फाटत नसे.

सगळ्यात जास्त गडबड होते ती नाळेजवळ आणि पिछाडीला. पठाणाला समांतर निघालेल्या रांगा तिथे वर वळत जातात. त्यांना जबरदस्तीने सरळ ठेवले तर पत्र्यांना सुरकुत्या पडतात. गोदीतले कारागीर रांगा नैसर्गिक वळणाने जाऊ देत आणि एका ठराविक रेषेवर त्या तिरप्या कापून वर दुसरा पट्टा सुरू करत. हा वरचा पट्टा पाणरेषेला समांतर. मॉडेलवर ही रेषा आधी बारीक लवचिक पट्टीने आखून घ्या, दोन्ही बाजूंना सारखी. नंतर ती दुरुस्त होत नाही.

३३ मीटरच्या एका रोलमध्ये १९ मिलिमीटरचे साधारण १,७०० तुकडे पडतात, तेव्हा व्हिक्टरीला तीन रोल धरावेत. तुकडे कापायला लाकडी चॅनेल आणि तुकडा ठराविक लांबीला थांबवणारी एक अडणी पुरे. ब्लेड दर पन्नास-साठ तुकड्यांना बदला. बोथट ब्लेडने कड खाली वळते आणि ती चिकटत नाही. चिकटवल्यावर गुळगुळीत लाकडी काडीने मधून कडेकडे घासा. हातमोजे घालूनच. उघड्या बोटाचा ठसा आज दिसत नाही, आठवड्यात काळा उमटतो. सुपरग्लू वापरलाच तर अगदी थेंबभर. त्याच्या वाफेने शेजारच्या पत्र्यावर पांढरट बुरशीसारखा थर येतो.

रंगाबाबत मतभेद आहेत. चकचकीत नवे तांबे गोदीतून निघतानाचे. समुद्रात ते काही दिवसांतच तपकिरी होते आणि पाणरेषेजवळ फिकट हिरवे. मढवून झाल्यावर तळ स्पिरिटने पुसून, लाखेचा लेप न देता सहा महिने उघडा ठेवला की येणारा तपकिरी रंग कुठल्याही रसायनापेक्षा खरा वाटतो. घाई करून चिंच किंवा मीठ-व्हिनेगर लावले तर आंबट पाणी पत्र्यांच्या जोडात राहते आणि नीट न धुतलेल्या तांब्याच्या हंड्यासारखी हिरवी रेघ प्रत्येक कडेवर उठते.