दुसऱ्या उड्डाणाचा खर्च : छोट्या अग्निबाण-कंपन्यांच्या धडपडीची पार्श्वभूमी

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट एरोस्पेस या कंपनीचे ‘विक्रम-एस’ श्रीहरिकोट्याहून उडाले आणि ८९.५ किलोमीटर उंची गाठून बंगालच्या उपसागरात पडले. भारतातील खाजगी कंपनीने घडवलेल्या अग्निबाणाचे ते पहिले उड्डाण होते. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉसने चार वेळा उड्डाण पुढे ढकलावे लागल्यानंतर आपला ‘सॉर्टेड’ हा अग्निबाण उडवला आणि त्यात त्रिमितीय छपाईने एकसंध बनवलेले इंजिन वापरले. तेव्हापासून बडोद्याच्या मराठी घरांत, विशेषतः ज्या घरातले कुणी कलाभवनात (सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत) शिकत आहे तिथे, या कंपन्यांविषयी आस्थेने बोलले जाते. विक्रम साराभाईंचे नाव या शहराला नवे नाही. साराभाई केमिकल्स इथलीच, आणि १९६० साली ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्थाही त्यांनी बडोद्यातच सुरू केली. मात्र या बोलण्यात एक गोष्ट बहुधा निसटते : वरील दोन्ही उड्डाणे उपकक्षीय होती, आणि अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत पडणे व पृथ्वीभोवती कक्षेत फिरत राहणे यांत फार मोठे अंतर आहे.

शंभर किलोमीटर उंची गाठून खाली यायचे असेल तर सेकंदाला साधारण दीड किलोमीटर वेग पुरतो. कक्षेत टिकण्यासाठी मात्र सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रत्येक किलोमागे पंचवीस ते तीसपट ऊर्जा ओतावी लागते. परिणामी कक्षेत जाणाऱ्या यानाच्या वजनात जवळजवळ नऊ दशांश भाग इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिडीकारक यांचा असतो, तर उपग्रहाच्या वाट्याला दोन-तीन टक्के येतात. पूल किंवा बाष्पक बांधणारा अभियंता शंका आली की पत्रा जाड करतो. अग्निबाण बांधणाऱ्याला ती मुभा नसते, कारण वाढलेला प्रत्येक किलो अखेर उपग्रहाच्या वजनातून वजा होतो. म्हणूनच या क्षेत्रातली बहुतेक अपयशे एखाद्या छोट्या भागापाशी येऊन थांबतात.

आपल्याकडचा पहिला अनुभवही तसाच आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी इस्रोच्या एसएलव्ही-३ या उपग्रह-प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण ३१७ सेकंदांत संपले आणि यान समुद्रात कोसळले. दुसऱ्या टप्प्याच्या (यानाच्या एकामागून एक सुटत जाणाऱ्या भागांना टप्पे म्हणतात) नियंत्रण-यंत्रणेतील नायट्रिक आम्ल आधीच गळून गेले होते. प्रकल्पाचे संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम होते, पण त्या दिवशी पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. घन इंधनाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता ते डॉ. वसंत गोवारीकर त्याच वर्षी तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या उड्डाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. पुढच्या एएसएलव्हीची १९८७ आणि १९८८ ही दोन्ही उड्डाणे फसली, आणि पीएसएलव्हीचे सप्टेंबर १९९३ मधले पहिले उड्डाणही कक्षेत पोहोचले नाही. यातल्या कोणत्याही अपयशानंतर कार्यक्रम बंद पडला नाही, पगार थांबले नाहीत, माणसे पांगली नाहीत. आज पीएसएलव्हीचे कौतुक करताना हा आधार लक्षात घेतला जात नाही आणि खाजगी कंपनीकडून मात्र पहिल्याच फटक्यात यशाची अपेक्षा केली जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

हा आधार नसलेल्या कंपनीवर काय ओढवते, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्पेसएक्सच्या ‘फाल्कन-१’ चे आहे. २००२ साली स्थापन झालेल्या या कंपनीने पॅसिफिक महासागरातल्या क्वाजालिन प्रवाळद्वीपांपैकी ओमेलेक या बेटावर तळ केला. २४ मार्च २००६ रोजी पहिले यान उडाले, पण इंजिनाजवळ इंधन गळून आग लागली आणि सुमारे अर्ध्या मिनिटात इंजिन बंद पडले. यानावरचा उपग्रह बेटावरच्याच एका शेडचे छप्पर फोडून आत पडला. सुरुवातीला संशय आदल्या दिवशी यानावर काम केलेल्या तंत्रज्ञावर घेतला गेला. चौकशीअंती निघाले ते वेगळेच : इंधनवाहिनीच्या जोडावरचा ॲल्युमिनियमचा एक छोटा नट समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजून चिरला होता. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नटाचे आटे गो–नो-गो गेजने (माप बरोबर की चूक एवढेच सांगणाऱ्या मापकाने) तपासतात आणि गेज बरोबर बसला की माल पास होतो. ओमेलेकवरच्या नटाचा दोष अशा तपासणीत सापडलाच नसता, कारण तो मापात नव्हता, त्या धातूची त्या हवेशी गाठ पडण्यात होता. पुढच्या यानांत असे नट स्टेनलेस स्टीलचे बसवले गेले.

मार्च २००७ मधल्या दुसऱ्या उड्डाणात वरच्या टप्प्याच्या टाकीतले द्रव हिंदकळू लागले आणि यान डोलत भरकटले. ३ ऑगस्ट २००८ रोजी तिसरे यान उडाले तेव्हा त्यावर नवे, इंधन खेळवून थंड ठेवले जाणारे इंजिन होते. अशा इंजिनाच्या वाहिन्यांत बंद झाल्यावरही थोडे इंधन उरते आणि काही क्षण किंचित रेटा मिळत राहतो. जमिनीवरच्या चाचणीत बाहेरच्या हवेच्या दाबामुळे तो रेटा जाणवला नव्हता. निर्वात अवकाशात मात्र सुटलेला खालचा टप्पा पुढे सरकला आणि वरच्या टप्प्यावर आदळला. दुरुस्ती म्हणून इंजिन बंद होणे आणि टप्पे विलग होणे यांमधले सेकंद वाढवले गेले, एवढेच.

तोवर पैसा संपत आला होता, कारण संस्थापकाने तीन उड्डाणांच्याच हिशोबाने तयारी केली होती. चौथ्या यानाचे भाग कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात होते. जहाजाला लागणारा वेळ परवडणारा नव्हता, म्हणून पहिला टप्पा लष्करी सी-१७ विमानाने नेला. विमान उतरू लागले तसा बाहेरचा दाब वाढला आणि यानाची पातळ टाकी आत दबू लागली. बेटावर तिची दुरुस्ती करून, तिसऱ्या अपयशानंतर बरोबर आठ आठवड्यांनी, २८ सप्टेंबर २००८ रोजी ते यान कक्षेत पोहोचले. खाजगीरीत्या विकसित केलेला द्रव इंधनाचा अग्निबाण प्रथमच कक्षेत गेला.

या कहाणीचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. पहिल्या अपयशानंतर पाचच महिन्यांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, नासाने या कंपनीला पुढच्या मोठ्या यानाच्या विकासासाठी २७ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला होता, आणि डिसेंबर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे माल नेण्याच्या बारा फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरची मागणी नोंदवली. म्हणजे तिथेही सरकारी तिजोरी पाठीशी होतीच. फरक एवढाच की ती पगाराच्या रूपाने न येता खरेदीच्या रूपाने आली.

नंतरच्या कंपन्यांचे अनुभव याच चौकटीत बसतात. रॉकेट लॅबचे ‘इलेक्ट्रॉन’ मे २०१७ मध्ये व्यवस्थित उडत असताना जमिनीवरच्या दूरमिती उपकरणातील चुकीमुळे माहिती येणे बंद झाले आणि सुरक्षेसाठी उड्डाण तोडावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये त्याच प्रकारचे पुढचे यान कक्षेत गेले. जर्मनीच्या इझार एरोस्पेसचे पहिले यान मार्च २०२५ मध्ये नॉर्वेत अर्ध्या मिनिटात, तर ऑस्ट्रेलियाच्या गिलमोर स्पेसचे त्याच वर्षी जुलैमध्ये चौदा सेकंदांत कोसळले. व्हर्जिन ऑर्बिटचे दुखणे याहून निराळे होते. चार उड्डाणे यशस्वी झालेली ही कंपनी जानेवारी २०२३ मध्ये इंधनाची एक गाळणी सुटून आलेल्या अपयशानंतर तीन महिन्यांत दिवाळखोरीत गेली. कक्षा गाठल्यानंतरही गिऱ्हाईक पुरेसे नसेल तर एक गाळणी कंपनी बुडवते. गिऱ्हाईक कमी होण्याचे एक कारण मोठ्या यानांवरील सामायिक फेऱ्या हे आहे. जानेवारी २०२१ मध्ये स्पेसएक्सने एकाच उड्डाणात १४३ उपग्रह नेले, आणि त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीने १०४ नेले होते.

भारतीय कंपन्या या पार्श्वभूमीवर कक्षेकडे निघाल्या आहेत. परवानगीचे दार आता जवळ आहे, कारण खाजगी अवकाश-उद्योगासाठी नेमलेल्या इन-स्पेस या संस्थेचे मुख्यालय अहमदाबादला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बदलानुसार प्रक्षेपकांच्या उद्योगात ४९ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक पूर्वपरवानगीविना येऊ शकते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अवकाश क्षेत्रासाठी १,००० कोटी रुपयांचा साहस-भांडवल निधी मंजूर केला. दुसऱ्या बाजूला, इस्रोचे छोटे यान एसएसएलव्ही, जे ऑगस्ट २०२२ मध्ये संवेदक बिघडल्याचा चुकीचा निष्कर्ष यानाच्या प्रणालीने काढल्यामुळे फसले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये यशस्वी झाले, त्याचे तंत्रज्ञान हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे जात आहे. छोट्या कंपन्यांना देशातच एका सिद्ध यानाशी स्पर्धा करावी लागणार आहे.

भांडवल-निधी कंपनीत हिस्सा घेतो आणि परताव्याची वाट पाहतो, त्यामुळे पहिले यान पडले की पुढचा हप्ता देताना गुंतवणूकदाराचा हात आखडतो. उड्डाणांची आगाऊ मागणी तशी नसते. सरकारी खात्यांनी आणि संरक्षण दलांनी आपल्या छोट्या उपग्रहांपैकी काहींची उड्डाणे या कंपन्यांकडे आधीच नोंदवली, आणि एका अपयशाने करार रद्द होणार नाही असे त्यात लिहिले, तर दुसऱ्या व तिसऱ्या यानाचे टप्पे पहिल्याच्या बरोबरीने कारखान्यात उभे राहू शकतील. अशा कंपनीत मुलामुलींना पाठवताना बडोद्यातले पालक पगाराची चौकशी करतात. त्याच्या आधी त्यांनी कारखान्यात आज किती यानांची बांधणी चालू आहे हे विचारावे.